दगडू काय म्हणाला

खान्देशातून लूमवर कामाला आलेल्यांची वस्ती असलेल्या आमच्या नवागाममध्ये दिवाळी आधी कानाला कळते. कंदील नंतर, फराळ नंतर. आधी एका संध्याकाळी खाती बंद होतात. खातं म्हणजे लूमचा, यंत्रमागाचा कारखाना, आणि आमच्या गल्लीत दोन घरांमागे एक खातं. वर्षभर अहोरात्र चाललेली ती खटाखट एकदम थांबते आणि बसने ब्रेक मारल्यावर उभे प्रवासी झुकतात तशी सगळी गल्ली जराशी पुढे झुकते.

त्यानंतरचे दोन दिवस मजेचे. कारण यंत्रं थांबली तरी माणसं थांबत नाहीत. ती सवयीने ओरडूनच बोलतात. एखादी बाई शेजारणीला हळूच म्हणून विचारते, "मीठ शे का वं?" आणि चार घरांतून मीठ येतं. वर्षभर यंत्रांच्या आड सुखाने नांदलेली नवरा-बायकोची भांडणं अचानक जाहीर सभेत मांडली जातात. मग तिसऱ्या दिवशी सगळे ओशाळून आवाज उतरवतात. तोवर अर्धी गल्ली पिशव्या-बोचकी घेऊन खान्देशच्या गाडीला लटकलेली असते आणि मागे राहिलेल्यांना कबुतरांची घुटुर्र ऐकू येते. ही कबुतरं इथे वर्षभर काय करत असतात, देव जाणे.

मी आता नदीपलीकडे राहतो. लिफ्ट आहे, पार्किंग आहे, आणि शेजारी कोण राहतं हे नावाच्या पाटीवरून कळतं. पण दिवाळीत एकदा नवागामला जायचंच, कारण तिथे भिकनकाका आहे. वडिलांचा चुलतभाऊ. जन्मभर लूम चालवलेला, आता दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करणारा. यंदा माझी मुलगी ईशा सोबत होती. तिला नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून तिने भिकनआबांसाठी कानाचं यंत्र घेतलं. गुणी मुलगी आहे. गाडी उधना ओलांडून पुढे आली तशी ती तिच्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणाली, "पप्पा, अजून एक सरप्राइज छे. तुमचं ते कार्टून, कप्तान धूमधडाका, मला आखी सिरीज मिळाली. आबांच्या टीव्हीवर लावू. फुल व्हॉल्यूम! बिचाऱ्यांनी कधी धड ऐकलंच नसेल."

मी गाडीचा वेग कमी केला. कारण नेमकं तेच होतं. भिकनकाकाने ते कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याने ते ऐकू नये याची काळजी मी आणि माझी बहीण शोभा नव्वदच्या दशकापासून घेत आलो होतो.

तर आता पडदा उघडतो. रंगमंचावर भिकनकाकाची खोली, पत्र्याचं छप्पर, एका भिंतीपलीकडे खातं. त्या भिंतीवरचा आरसा सतत थरथरतो. त्यात भांग पाडायचा तर आरशाच्या लयीत आपणही हलायला हवं, आणि आमच्या गल्लीतल्या सर्व तरुणांचे भांग त्यामुळे तापीसारखे वळणावळणाचे. कोपऱ्यात स्टुलावर भिकनकाकाने जुन्या बाजारातून आणलेला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. रविवार सकाळ. शहरातल्या इतर मुलांसाठी कप्तान धूमधडाकाची वेळ. आमच्यासाठीही तीच, पण आमच्या भागातल्या खात्यांना रविवारचीसुद्धा सुट्टी नसे. टीव्हीचं बटण शेवटपर्यंत पिळलं तरी कप्तानाच्या तोंडून ऐकू यायचं ते फक्त खटाखट-खटाखट.

मग आम्हाला गोष्ट कळायची कशी? तर भिकनकाका सांगायचा.

लूमवर काम करणारी माणसं कानाने ऐकत नाहीत. तिथे चार बोटांवर उभा माणूसही ऐकू येत नाही. ती ओठ वाचतात. शिवाय हातवारे. हाताने टोपी घातल्यासारखं केलं की शेठ आला, अंगठा ओठाला लावला की चहा, आणि दोन्ही हात हवेत उडवले की सूत तुटलं किंवा सासू आली, प्रसंग पाहून समजून घ्यायचं. काका त्यात पटाईत. खात्याच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाचा माणूस कुणाची निंदा करतोय हे तो सांगू शकत असे. त्यामुळे रविवारी पाळी बदलून घेऊन तो टीव्हीसमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "बठा रे पोरंहो, मी वाचस त्यास्ना ओठ," तेव्हा आम्हाला त्यात काहीच नवल वाटलं नाही. काका ओठ वाचून अहिराणीत सांगणार, तेही खटाखटीच्या वर चढवलेल्या, चाळीसगावच्या यात्रेत माल विकता येईल अशा आवाजात.

कप्तान धूमधडाका म्हणजे मिशीवाला, लांब बूट घातलेला बोका. त्याचं एक उडतं जहाज. जहाजावर त्याचा नोकर, लांब मानेचा, मोडक्या छत्रीचा बगळा. दर भागात जहाज एका नव्या बेटावर उतरायचं, तिथे एखादा आडदांड राक्षसासारखा सरदार भेटायचा, पळापळ, आदळआपट, आणि शेवटी खजिना घेऊन कप्तान पसार. मध्ये कुठेतरी, न चुकता, कप्तान बगळ्याला एक सणसणीत लाथ मारायचा. बगळा हवेतून भेलकांडत जायचा आणि नेमका खजिन्यावर आपटायचा.

काकाच्या वाचनात बोक्याचं नाव होतं शेठ. बगळ्याचं नाव दगडू. दगडू अमळनेरकडचा, घरी थोडी कोरडवाहू, म्हणून जहाजावर कामाला लागलेला. आणि बेटावरचा तो राक्षस? तो दगडूचा मावसभाऊ! दर बेटावर एक नवा मावसभाऊ निघायचा. राक्षस गदा उगारून धावत यायचा, तोंड वासायचा, आणि काका वाचायचा: "तो पुसस, कोन गावना रे तू?" दगडू मान लांब करून गाव सांगायचा. राक्षस आणखी मोठं तोंड वासायचा. "अरे मनी मावशी दिधी शे तठे!" आम्ही टाळ्या वाजवायचो. आम्हाला हे अगदी पटायचं. आमच्या अनुभवात जग असंच होतं. वडील इच्छापोरला नव्या ठेकेदाराकडे गेले तिथे मावसभाऊ भेटला, पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये गेले तिथे आत्याचा दीर. मग उडत्या जहाजाने गेल्यावर मावसभाऊ भेटणार नाही म्हणजे काय?

आणि ती लाथ! तिच्यासाठी काका उठून उभा राहायचा. "देखा आते. दगडू म्हनस, शेठ, खजिना कोठे शे ते माले ठाऊक शे, पन पाय दुखी राहिनात. शेठले राग वना. मारी लाथ! आन दगडू गया भुर्रर्र, डायरेक्ट खजिनावर!" मग आमच्याकडे वळून, डोळे मिचकावून, "लाथ नही ती, बेटा. यष्टी शे यष्टी. बिनातिकिटनी."

आम्ही लोळून हसायचो. फक्त शोभा हसायची नाही. ती माझ्याहून मोठी, आणि तिला प्रश्न पडायचे. एका रविवारी तिने काकाच्या समोर येऊन, ओठ नीट दिसतील असं, विचारलं, "काका, दगडू उलटून का मारस नही?"

काकाने टीव्हीकडे बोट दाखवलं. आरसा थरथरत राहिला. मग तो म्हणाला, "चित्र त्यास्नं शे ना, बेटा. मना हातमा फक्त बोलनं शे."

त्या वेळी मला हे उत्तर कळलं नाही. शोभाला कळलं असावं, कारण ती पुन्हा येऊन बसली, पण पुढच्या रविवारपासून लाथेच्या वेळी ती मान फिरवून आरशाकडे बघायची.

आता ती दिवाळी. दरवर्षी आम्ही गावाला जायचो, पण त्या वर्षी काकूचे दिवस भरत आले होते, म्हणून तिच्या सोबतीला आई राहिली आणि आईबरोबर आम्ही. खाती बंद. वडील काकूसाठी शहाळं शोधायला गेलेले. आणि रविवार उजाडला. आम्हाला दोघांना सकाळपासून उत्साह, की आज पहिल्यांदा दगडूचा स्वतःचा आवाज ऐकायला मिळणार. तो अहिराणीच बोलणार याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

काकाने सवयीप्रमाणे बटण शेवटपर्यंत पिळलं. टीव्ही असा कडाडला की कबुतरं उडाली. कप्तान हिंदीत गरजला, "अबे फटकू! गधे कहीं के!" बगळ्याचं नाव फटकू होतं. आणि फटकू जे बोलला ते मला अजून ऐकू येतं. नाकातून, रडका आवाज काढून, मोडक्यातोडक्या हिंदीत: "मालिक, हम को मत मारो ना, हम गरीब आदमी है." पाठोपाठ पडद्यामागून शेकडो माणसं खो-खो हसली. त्या हिंदीतलं मोडकेपण माझ्या ओळखीचं होतं. शाळेत मास्तरांनी उभं केलं की माझ्या तोंडून हेच निघायचं, आणि मागच्या बाकांवरून हेच हसू यायचं.

मी काकाकडे पाहिलं. काका मांडी घालून बसला होता आणि नेहमीसारखा सांगत होता. "दगडू म्हनस, शेठ, या बेटवर मना मावसभाऊ शे, तुम्ही काळजी करू नका." टीव्हीतून फटकू भेकत होता, वरून काका सांगत होता, दोन्ही एकदम, दोन्ही जोरात. काकाला कळतच नव्हतं की टीव्ही ऐकू येतोय. शोभा त्याच्या पाठीमागे जाऊन म्हणाली, "काका." मग जरा मोठ्याने, "काका!" तो वळला नाही. वर्षभर यंत्रांच्या गदारोळात आम्ही सगळेच ओरडत होतो, ओठ बघत होतो, त्यामुळे कुणाला किती ऐकू येतं हे कधी उघडं पडलंच नव्हतं. शांतता झाली आणि ते उघडं पडलं.

मी काही बोलणार इतक्यात शोभाने माझा दंड घट्ट धरला. मग ती उठली, पदर नसताना पदर सावरावा तशी फ्रॉकची झालर सावरत टीव्हीजवळ गेली, जणू अँटेना नीट करतेय, आणि बटण उलटं पिळलं. कप्तान मुका झाला. फटकू मुका झाला. हसणारे लोकही. खोलीत एकच आवाज उरला. ती परत येऊन बसली आणि म्हणाली, "सांगा ना काका, मंग काय जायं?"

त्या दिवाळीत काकूला मुलगी झाली, खाती धंदा उघडायच्या मुहूर्तानंतर, लाभपाचमनंतर, हळूहळू धडधडू लागली, आरसा पुन्हा थरथरू लागला. ती मालिका काही महिन्यांनी संपली. तो विषय आम्ही दोघांनी त्यानंतर कधीही, एकमेकांतसुद्धा, काढला नाही.

आता टीकाकाराची टोपी घालतो. (बसत नाही, पण घालतो.) यंदाच्या त्या भेटीनंतर ईशाने पाठवलेल्या दुव्यावर मी घरी तीन भाग पाहिले, आवाजासह आणि रंगांसह, आणि गार पडलो. आमच्या टीव्हीवर सगळं जग राखाडी होतं. त्यामुळे कप्तान गुलाबी-गोरा आणि बेटावरचे सगळे काळेकुट्ट, जाड ओठांचे आहेत हे मला पन्नाशीजवळ येऊन कळलं. मालिकेत एकच बाई, ती दर भागात किंचाळते आणि बेशुद्ध पडते. तो खजिना कप्तानाचा नसतोच! तो त्या बेटावरच्यांचा असतो. राक्षस बिचारा एवढंच म्हणतो की आमच्या देवळातलं रत्न जिथलं तिथे ठेव, आणि त्याबद्दल मार खातो. म्हणजे लहानपणी टाळ्या वाजवल्या त्या चोरीला. आणि फटकूचा सारा विनोद तीनच गोष्टींचा: तो गरीब आहे, त्याला नीट बोलता येत नाही, त्याला लाथ बसते. शहरातल्या किती घरांत किती मुलं त्यावर हसली असतील, आणि सोमवारी शाळेत माझ्यावर.

पण सगळा राग कप्तानावर काढून मी मोकळा होऊ शकत नाही. काकाच्या गोष्टीलाही मी तीच टोपी घालून पाहिलं. लाथेला एस.टी. म्हणणं फार गोड होतं. पण लाथ ती लाथच. आमच्या वडिलांना, काकाला खात्यात काय काय ऐकून घ्यावं लागायचं, हे आम्हाला पुढे कळलं. संध्याकाळी ते सगळं काका असं सांगायचा की त्याचा चुटका होऊन जायचा. हे शहाणपण होतं की सवय? मुलांना हसवून आपण त्यांना लाथ गिळायला शिकवतोय असं त्याला कधी वाटलं असेल का? शोभा पुढे शिक्षिका झाली, बारडोलीला. तिच्या वर्गात कुणी कुणाच्या बोलण्याला हसलं तर तास थांबतो. मी मात्र हसवणारा झालो. लग्नात, बारशात, कुठेही मला बोलायला उभं करतात. दोघांचं मूळ त्याच खोलीत आहे, आणि कुणाचं वळण बरोबर हे मला सांगता येत नाही.

ईशाने तर त्या दिवशी गाडीतच, काका ओठ वाचून गोष्ट सांगायचा एवढंच माझ्याकडून ऐकून, माझ्या आठवणीच्या भिंतीतली आणखी एक वीट काढली. "पण पप्पा, बगळ्याला तो चोच छे ने! आबा ओठ कुठले वाचायचे?"

मी गाडी बाजूला घेतली. आजवर मला हे सुचलं नव्हतं.

तर काकाची खोली. छप्पर आता स्लॅबचं, टीव्ही भिंतभर, आरसा तोच. शोभा भाऊबीजेसाठी आलेली. ईशाने यंत्र काकाच्या कानात बसवलं. काका दचकला, मग कबुतरांकडे बघून हसला. "हाई येवढं बोलतस का?" मग स्वयंपाकघरातल्या काकूकडे कान करून म्हणाला, "तू आजपर्यंत हाईच बोली राहिनी व्हती का?"

"कानात घातलं तरी डोकामा जानार नही तुमना," काकू आतून म्हणाली. काकाला ते स्पष्ट ऐकू आलं. तो खूश झाला.

आणि ईशाने रिमोट उचलला. मी तिच्याकडे बघून खात्यातल्या जेवढ्या येत होत्या तेवढ्या सगळ्या खुणा करून दाखवल्या. टोपी घातली, अंगठा ओठाला लावला, दोन्ही हात उडवले. "पप्पा, चहा हवाय?" ती म्हणाली आणि बटण दाबलं. शोभाने मान फिरवून आरशाकडे पाहिलं.

कप्तान गरजला. फटकू भेकला. लोक हसले. काका मान पुढे काढून, एक हात कानाजवळ धरून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. फटकूने पुन्हा तेच म्हटलं, आपण गरीब आदमी असल्याचं. मी मनात ईशाला, यंत्राला, पहिल्या पगाराला, सगळ्यांना बोल लावून घेतले.

मग काका टीव्हीकडेच बघत म्हणाला, "शोभे, आवाज बंद कर ना. तवय करेल व्हता तसा."

शोभा जागची हलली नाही. "तुम्हाले ठाऊक व्हतं, काका?"

"कान गयथात. तू मनी म्होरेच बटन फिरावं, मी काय आंधया व्हतू का?" काका हसला. "माले वाटनं, पोरले मनीच गोट ऐकानी शे. बरं वाटनं."

ईशाने शोभाच्या हातात रिमोट दिला. शोभाने आवाज बंद केला. पडद्यावर कप्तान ओरडतच होता, नुसताच तोंडाने. दगडू मान खाली घालून उभा होता. कप्तानाने बूट मागे नेला, दगडूच्या दिशेने उगारला.

"रोक!" काका ओरडला, थेट खात्यातल्या आवाजात. "तठेच रोक!"

शोभाने बटण दाबलं. चित्र थांबलं. बूट हवेत, दगडूपासून वीतभर लांब.

काकाने खुर्ची पुढे ओढली. "हं. आते बोल दगडू," तो म्हणाला. "आते काही घाई नही."

आणि काकाच्या तोंडून दगडू बोलू लागला. शेठला त्याने आधी गावाचं नाव विचारलं. मग आईचं. मग कधी लूमवर उभा राहिला आहेस का, हे. शेठला पळताही येईना, त्याचा तर पाय अडकला होता. मग दगडूने जहाज कोण चालवतं, छत्री कुणी मोडली, रत्न कुठल्या देवळातलं, सगळं नीट, सावकाश, अहिराणीत काढलं. मावसभाऊ मध्येमध्ये साक्ष देत होता. ईशाला अर्धंच कळत होतं आणि ती पोट धरून हसत होती. काकूने चहा आणला, तो पिऊन झाला. शोभा आरशाकडे पाठ करून, टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती.

कप्तानाचा पाय अजून हवेतच होता. दगडूचं बोलणं संपलेलं नव्हतं.